शिंपडलेला रेडिओ

जगदेवला किळस फार. चहाच्या कपात कुणाचं बोट बुडालेलं दिसलं की तो कप तसाच परत करायचा. वाशीमच्या एसटी स्टँडवर मुतारीच्या बाजूनं वारा सुटला की दुकानाच्या दोन फळ्या लावून घ्यायचा आणि अर्ध्या अंधारात बसून काम करायचा. असा माणूस रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यात पडला हेच मुळात चुकलं. लोक घर सारवतात, अंगण सारवतात, रेडिओ आतून कुणी सारवत नाही.

मी प्रेमसिंग, तेव्हा वाशीम-मानोरा गाडीवर कंडक्टर होतो. माझा तांडा मानोऱ्याजवळ, त्यामुळे रस्त्यावरच्या झाडून साऱ्या गावांत माझी ओळख. कुठं रेडिओ बंद पडला की लोक तो फडक्यात बांधून माझ्या गाडीत ठेवत, मी तो स्टँडवर उतरवून जगदेवच्या टपरीत नेऊन देई. दुरुस्त झाला की पुढच्या फेरीला परत. याचा मला काही फायदा नव्हता. जगदेवच्या टपरीत बसून शिव्या ऐकायला मिळत, तेवढाच.

आणि शिव्या तरी किती रास्त! मागचं झाकण काढलं की आतून काय निघेल याचा नेम नसे. झुरळांची अंडी. कापूस कुरतडून केलेलं उंदराचं घर, त्यात पिल्लं. सेल फुटून ओघळलेला पांढरा चीक. एका पुढाऱ्याच्या रेडिओतून पानाच्या पिचकारीचा वाळलेला थर निघाला. हा माणूस बातम्या ऐकता ऐकता रेडिओवरच थुंकत असणार. बायका रेडिओची पूजा करून वर तेलाचा दिवा ठेवत, ते तेल जाळीतून आत जाई आणि त्यावर धूळ बसून आत काळी खरूज धरे. जगदेव तोंडाला रुमाल बांधून, ब्रश धरून एकेक थर खरवडायचा आणि बडबडायचा.

"प्रेमसिंग, कोनाच्या घरी सोयरीक करायची असंन तं पोरगी नको पाहू, पयले त्याइचा रेडिओ खोलून पाह्य!"

पण एवढी किळस असून तो काही म्हणजे काही फेकायचा नाही. टपरीच्या मागच्या खोलीत मेलेल्या रेडिओंचा छतापर्यंत ढीग होता. लोकांनी टाकून दिलेले, भंगारवाल्याच्या गाड्यावरून उचललेले, पुरात भिजलेले. कुणाचा ट्रान्सफॉर्मर चांगला, कुणाचा स्पीकर, कुणाची नुसती बटणं. एकातलं काढून दुसऱ्यात घालायचं. स्पीकरचा कागद फाटला तर पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ लावून त्याला ठिगळ. जळालेल्या गुंडाळीची तांब्याची तार उलगडून पुन्हा नवी गुंडाळी. नव्या मालासाठी अकोल्याला जावं लागे, ते त्याला कमीपणाचं वाटायचं. "फेकाले अक्कल लागत नाई," तो म्हणे, "थे बैलालेही जमते."

जगदेव मूळचा इंझोरीचा. छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा तो शाळेत जाणारा पोरगा होता. त्याआधी त्याच्या आज्यानं आणि बापानं गावची मेलेली ढोरं ओढली होती. त्या ढोरांचा वास आपल्या नाकात लहानपणीच बसला आणि तोच पुढं किळस होऊन राहिला, असं तो म्हणायचा. मॅट्रिकला गचका खाल्ल्यावर तो अकोल्याला एका रेडिओच्या दुकानात झाडलोट करायला राहिला. झाडता झाडता शिकला, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतर वाशीमला येऊन त्यानं स्वतःची टपरी टाकली.

त्याची माय भागिरथाबाई पहिल्यांदा वाशीमला आली तेव्हा मी तिथं होतो. मागच्या खोलीतला ढीग बघून म्हातारी दारातच थांबली.

"हे काय रे जगदेव?"

"बंद पडेल रेडिओ हाय माय."

"कोनाचे?"

"लोकायचे. त्याइनं फेकले, म्या आनले."

म्हातारीचा चेहरा उतरला. "तुह्या आज्यानं गावची मेलेली ढोरं वढली. बापानं वढली. दीक्षा घेतली तवा आपन सारं सोडलं, उपाशी राह्यलो पन मेलेल्याले हात लावला नाई. आन् तू शिकून सवरून गावाचे मेलेले रेडिओ वढून राह्यला?"

जगदेवला बोलणं लागलं. तो ढिगातून एक संच घेऊन बसला. काविया तापवला, दोन ठिकाणी कथलाचा डाख दिला, सेल घातले आणि बटण फिरवलं. आत खरखर झाली आणि नागपूर केंद्र बोलायला लागलं.

"ढोर मेलं की उठत नाई माय. हे उठते."

म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, "उठते तं उठते. पन जेवाच्या आंधी हात धू." ती पुढं पटलेल्यासारखी वागली, पण पटलं नव्हतं. तिच्या मनातली अढी मला दिसायची.

आता मुख्य गोष्ट. मानोऱ्याच्या पलीकडं एक गाव आहे. त्याचं नाव मी घेत नाही. घेतलं तर तोंड धुवावं लागेल. त्या गावाच्या चावडीवर पंचायतीचा सरकारी रेडिओ होता, मोठ्या लाकडी खोक्याचा, बॅटरीवर चालणारा. सांजच्या वेळी सारं गाव ओट्याभोवती जमायचं. हवामान, बाजारभाव, बातम्या. बौद्धवाड्यातली माणसं जरा लांब, निंबाखाली बसून ऐकायची. गाव त्या वाड्याला अजून जुन्याच नावानं हाक मारी. जगदेवची धाकटी बहीण दुर्गाबाई त्याच वाड्यात दिलेली.

तो रेडिओ बंद पडला आणि सरपंच मारोतरावानं तो माझ्या गाडीनं वाशीमला पाठवला. जगदेवनं मन लावून काम केलं. आतला ट्रान्सफॉर्मर गेला होता, तो बदलला. स्पीकर बदलला. आवाज असा खणखणीत की स्टँडवरचे हमाल ऐकायला उभे राहिले. मी तो माझ्या सीटवर ठेवून नेला आणि स्वतः उभा राहिलो.

महिना झाला नाही तोच रेडिओ परत. जगदेवनं झाकण काढलं आणि रुमाल नाकाला लावला. आत सगळीकडं हिरवट गंज, स्पीकरचा कागद भिजून फुगलेला, आणि वास. असा वास की मी टपरीबाहेर आलो.

"मूत हाय हे," जगदेव म्हणाला. "उंदराचं नाई तं बिल्लीचं. चावडीत बिल्ली असंन."

त्यानं सगळं पुसलं, वाळवलं, गंजलेली कॉइल काढून दुसरी बसवली आणि उंदीर-मांजर शिरू नये म्हणून मागच्या भोकांना आतून तारेची जाळी ठोकली. रेडिओ गेला. पुन्हा आला. जाळी जशीच्या तशी, आत मात्र तेच. गंज, ओल, वास. उन्हाळ्याचे दिवस, आभाळात ढगाचं नाव नाही आणि रेडिओ आतून ओला! जगदेव डोक्याला हात लावून बसला.

तोपर्यंत गवगवा झाला होता. स्टँडासमोर नव्या रेडिओचं मोठं दुकान निघालं होतं, त्याच्या मालकाला आयतं कोलीत मिळालं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, "त्या जगदेवच्या हाताले गुन नाई. पंचायतीचा रेडिओ पाहा, दोनदा केला न् दोनदा परत आला. जुनं उकरत बसन्यापेक्षा फेका आन् नवा घ्या." लोकांनाही बरं वाटलं. लोकांना फेकायला निमित्तच पाहिजे असतं. दुरुस्तीला टाकलेले रेडिओ माणसं तसेच परत न्यायला लागली. मी जगदेवला समजवायला गेलो तर तो माझ्यावरच खेकसला.

मग एक दिवस मारोतराव कोर्टाच्या कामानं वाशीमला आला. टपरीसमोर उभा राहिला. आत आला नाही. तो कधीच आत यायचा नाही, रस्त्यावरूनच बोलायचा.

"जगद्या, ही शेवटची खेप. आता बंद पडला तं मोडीत काढतो आन् नवा आनतो. मंग आमच्या आजूबाजूच्या चार गावाइचे रेडिओही तुह्याकडं येनार नाई, हे ध्यानात ठेव."

चार गावं म्हणजे जगदेवचं निम्मं काम. ते तुटलं की टपरी बंद, आणि टपरी बंद म्हणजे पुन्हा अकोल्याला कुणाच्या तरी दुकानात झाडू धरायचा. त्याच्याहून वाईट म्हणजे हाताला गुण नाही हे नाव कायमचं लागलं असतं. जगदेवनं त्या रेडिओवर जीव ओतला. आणि या खेपेला तो माझ्याबरोबर पाठवला नाही. स्वच्छ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, स्वतःच गाडीत बसला. माझी गाडी मानोऱ्याहून पुढं त्या गावाला मुक्कामी जायची.

"चाललो बिल्ली पकडाले," तो म्हणाला.

दिवस मावळायला आम्ही पोचलो. चावडीच्या ओट्यावर जगदेवनं रेडिओ ठेवला, सुरू केला. नागपूर स्पष्ट लागलं. लोक खूश झाले. मारोतराव म्हणाला, "झालं नं? जाय आता." जगदेव बहिणीच्या घराकडं वळला, मीही चहाच्या आशेनं त्याच्यामागं निघालो. निंबापर्यंत गेलो असू, जगदेवला आठवलं की स्क्रू फिरवायचा पेचकस ओट्यावरच राहिला. आम्ही मागं फिरलो.

ओट्यावर मारोतराव रेडिओपुढं बसला होता. एका हातात पितळी गडू, दुसऱ्या हातात आंब्याचं पान. गडूत पान बुडवून तो रेडिओवर गोमूत्र शिंपडत होता. वरून शिंपडलं, बाजूंनी शिंपडलं. मग एक म्हातारा म्हणाला, "आतूनही शिपडा मारोतराव. हात तं आतच घातला त्यानं." तसा मारोतरावानं रेडिओ फिरवला आणि मागच्या जाळीतून, पान टाकून, गडूच वाकडा केला.

आत चर्रर्र झालं. नागपूर बंद पडलं.

"पाहा," मारोतराव वैतागून म्हणाला, "पडला बंद. याच्या हाताले गुनच नाई."

मला वाटलं जगदेव ओरडेल. तो निंबाच्या बुडाशी गेला आणि भडभडा ओकला. तोंड पुसून परत आला तेव्हा ओट्यावरच्या माणसांना तो दिसला. कुणी लाजलं म्हणता? नाव नको. मारोतरावानं गडू खालीसुद्धा ठेवला नाही.

"म्हनजे बिल्ली नाई," जगदेव म्हणाला. "तुमी."

"रीत हाय बापा," मारोतराव म्हणाला. "बाहीरून आलेली चीज आमी शुद्ध करून घेतो. तुले काहून राग येते? तुह्या अंगावर तं नाई शिपडत."

तो हे समजुतीच्या सुरात म्हणाला, हे मी मुद्दाम सांगतो. शिवी दिली असती तर परवडलं असतं. त्याला वाटत होतं आपण मोठी सवलत देतो आहोत.

जगदेवनं पेचकस उचलला. मग त्या पेचकसानं रेडिओकडं बोट दाखवल्यासारखं करत तो अगदी हळू बोलायला लागला. "तुमी हात शुद्ध केला, पन माल कोनाचा हाय थे पुसलं नाई. याच्यातला ट्रान्सफार्मर या प्रेमसिंगच्या तांड्यातला, रूपला नायकाच्या घरचा. कॉइल वाशीमच्या खाटिकाच्या रेडिओतली. स्पीकर या वाड्यातला, माह्या बहिनीच्या घरचा, पंध्रा वर्सं तिच्या चुलीजवळ होता. आता त्याच्यातून तुमी रोज बातम्या आयकता."

कुणीतरी ओट्यावरून उतरलं.

"थांबा, झालं नाई. मारोतराव, तुमच्या घरचा रेडिओ दिवाळीत म्याच केला. त्याच्यातली गुंडाळी इंझोरीची, आमच्या घरची. तुमची माय रोज पहाटे त्याच्यावर भजन आयकते नं? आन् तुमी, तुमी, तुमी." त्यानं एकेकाकडं बघितलं. "तुमचेही म्याच केले. तुमच्या गावात अस्सल असा रेडिओ राह्यलाच नाई. शिपडा आता."

आम्ही निघून आलो. मला त्या वेळी बरं वाटलं. वाटलं, झाली एकदाची यांची खोड मोडली, आता घरी जाऊन जरा विचार करतील. मी कंडक्टर, माणसं ओळखतो असं मला वाटायचं. काय कप्पाळ ओळखतो!

गावानं विचार केला नाही, गडू काढले. आठ दिवसांत घरोघरचा रेडिओ शुद्ध झाला. झाकणं उघडून, आतपर्यंत. कुणी म्हणालं नुसत्या शिंपडण्यानं भागत नाही, तर त्यांनी आत ओतलं. मारोतरावाच्या मायनं तर रेडिओला चक्क आंघोळ घातली. एकामागून एक सगळे मुके झाले. मग ते परत जगदेवकडं पाठवायची सोय उरली नाही आणि घरात ठेवायची इच्छा उरली नाही. ज्यांची ऐपत होती त्यांनी वाशीमच्या स्टँडासमोरच्या मोठ्या दुकानातून नवे आणले. जुने सगळे, सेलसकट, गावामागच्या उकिरड्यावर नेऊन टाकले. पंचायतीचा रेडिओही मोडीत काढून तिथंच. नवा घ्यायचा ठराव झाला, पण तो काही आला नाही. चावडी मुकी झाली.

सेल फुटून त्यांचा चीक शेणात उतरत होता, त्यावरून ढोरं फिरत होती, आणि तेच शेणखत पुढं शेतात जाणार होतं. कुणाला त्याची किळस आली नाही. किळस फक्त माणसाची.

मी हे वाशीमला येऊन सांगितलं तेव्हा भागिरथाबाई टपरीतच होती. जगदेवनं काविया खाली ठेवला.

"उकिरड्यावर? आपला रेडिओ?"

"सगळेच."

"मी जातो आनाले."

म्हातारी ताडकन उठली. "जगदेव, ढिगाचं म्या आयकून घेतलं. हे नाई आयकनार. गावानं उकिरड्यावर फेकलं थे आपन उचलाचं नाई. त्याच्यासाठीच तं सारं सोडलं आपन! थे छपरावर उभे राहून तुले हासतीन."

जगदेवला कळत होतं की माय खरं बोलते आहे. मलाही कळत होतं. शेवटी तो म्हणाला, "हासू दे. पन माय, त्याइनं जे फेकलं थे त्याइचं नाई. आतलं सारं काम माह्यं हाय. थे शेनात सडलं तं दुनिया म्हनंन, जगदेवचं काम सडकंच होतं. मंग माह्याजवळ काय राह्यलं?"

म्हातारी त्याच्याशी बोलली नाही. पण सकाळी गाडीत बसताना त्याच्या हातात धुतलेली चार पोती होती, आणि ती तिनं दिली होती.

त्या उकिरड्यावरचा जगदेव मी विसरणार नाही. तोंडाला रुमाल, धोतर वर खोचलेलं, पाय घोट्यापर्यंत शेणात. एक रेडिओ उपसायचा, बाजूला जाऊन ओकायचा, परत यायचा. रेडिओवर शेण, खरकटं, पोराटोरांची घाण. दुर्गाबाई पाण्याची बादली घेऊन आली आणि लुगड्याचा पदर नाकाला लावून धुवायला बसली. मीही पोतं धरलं. माझी वर्दी सरकारी, म्हणून मला कुणी काही बोललं नाही. पण गाव खरंच छपरांवर चढलं होतं. मारोतराव गच्चीवर खाट टाकून बसला होता. आणि कुणीतरी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणालं:

"रेडिओवाला झाला होता. आला पाहा मूळपदावर!"

हशा झाला. जगदेवनं वर पाहिलं नाही. मी पाहिलं. हसणाऱ्यांत माझ्या गाडीनं रोज जाणारी, मला राम राम घालणारी माणसं होती. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी तिकिटापलीकडं बोललो नाही.

पोती वाशीमला आली. जगदेवनं पंधरवडाभर दुसरं काम घेतलं नाही. रॉकेलनं धुणं, ब्रशनं घासणं, उन्हात वाळवणं, गंजलेलं खरवडून पुन्हा डाख देणं. तीन-चार रेडिओ खरोखरच गेले होते. त्यांचे अवयव त्यानं बाकीच्यांत घातले. उरलेले बोलायला लागले. त्यातले काही वाड्यात गेले, काही आमच्या तांड्यात. आमचा तांडाही धुतल्या तांदळाचा नव्हता. माझा चुलता रूपला नायक रेडिओ घेताना म्हणाला, "कोनाकोनाच्या घरचं हाय हे?" मी म्हणालो, "तुझ्याही घरचं आहे थोडं." मग त्यानं मुकाट्यानं घेतला.

पंचायतीचा मोठा रेडिओ जगदेवनं बहिणीच्या वाड्यातल्या ओट्यावर बसवला. तो तिथं जो सुरू झाला तो सुरूच राहिला. पोळा झाला, दसरा झाला, कापूस वेचून झाला, आवाज तसाच. आजूबाजूच्या चार गावांनी ते पाहिलं आणि त्यांचे रेडिओ पुन्हा माझ्या गाडीत यायला लागले. आता मोठ्या दुकानदाराला बोलायला जागा राहिली नाही.

माघ महिन्यातली गोष्ट. तूर कापून खळ्यांवर पडली होती. दोन दिवसांपासून आभाळ भरून येत होतं आणि जात होतं. तूर झाकायची तर ताडपत्र्या मानोऱ्याहून आणायच्या, नाहीतर घरच्या धाब्याखाली ओढायची. पाऊस येणार की नुसतं भुलवणार, याच्यावर सगळ्या गावाचं वर्ष लटकलं होतं. नवे रेडिओ ज्यांच्याकडं होते त्यांचे सेल नेमके त्याच आठवड्यात उतरलेले, आणि गावच्या दुकानात सेल नव्हते.

माझी गाडी त्या दिवशी मुक्कामी होती. जगदेवही बहिणीकडं आला होता. आम्ही वाड्यातल्या ओट्यावर चटईवर बसलो होतो, रेडिओ सुरू होता. वाडा आणि गाव यांच्यामध्ये एक नाली आहे, गावाचं सगळं काळं पाणी तिच्यातून जातं. त्या नालीच्या पलीकडं माणसं येऊन उभी राहायला लागली. आधी दोघं-तिघं, मग वीस-पंचवीस. सगळ्यांत पुढं मारोतराव.

"हा तं पंचायतीचा रेडिओ," मारोतराव म्हणाला.

"होता," दुर्गाबाई म्हणाली.

"सरकारी माल हाय. आता चालते तं चावडीवर परत द्या."

मी उठणार होतो. अशा माणसाला काय म्हणावं? गोमूत्र ओतलं, उकिरड्यावर टाकला, उकरणाऱ्याला हसला, आणि आता चालायला लागला तर सरकारी माल! पण जगदेवनं माझा हात दाबला. त्यानं रेडिओ उचलला, ओट्याच्या अगदी कडेला, त्यांना दिसेल असा ठेवला आणि बाजूला सरकला.

"न्या. इकडं या आन् आपल्या हातानं उचला."

कुणी हाललं नाही. नाली एका ढांगेची. मारोतरावानं कोतवालाकडं पाहिलं, कोतवालानं खाली पाहिलं. आभाळात एकदा गडगडलं.

"राहू दे तथीच," मारोतराव शेवटी म्हणाला. "पन आवाज वाढव जरा. बातम्या झाल्या की हवामान सांगते."

दुर्गाबाई हसली. गावच्या सुनेनं म्हणावं तसं म्हणाली, "मामाजी, रेडिओवर गोमूत वतलं. आता कानात काय वतता?"

जगदेवचा हात बटणाकडं गेला. मला वाटलं वाढवतो. चांगला माणूस असता तर त्यानं वाढवला असता, आणि मला तो त्या क्षणी आवडला नसता. त्यानं बटण उलटं फिरवलं. आवाज बारीक होत होत चटईपुरता उरला.

"चटई मोठी हाय," तो म्हणाला. "ज्याले आयकाचं त्यानं येऊन बसाव. मनाई कोनालेच नाई."

पलीकडं माणसं माना लांब करून, कानामागं हात धरून उभी राहिली. एक म्हातारा नालीच्या काठावर उकिडवा बसला, पण पाय पुढं टाकेना. बातम्या संपल्या. हवामान सांगून झालं. वाड्यातली माणसं काही न बोलता उठली आणि खळ्याकडं गेली. त्यांची तूर थोडीच, ती त्यांनी पोत्यांनी, लुगड्यांनी, सापडेल त्यानं झाकली, ओढून आत घेतली. मारोतराव तोवर आपल्या माणसांना घेऊन अंधारात निघून गेला होता. नाली ओलांडली नाही.

पाऊस आला. असा आला की गाडीच्या टपावर गोटे पडल्यासारखा आवाज होत होता.

सकाळी आम्ही गाडी काढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खळ्यांवर माणसं गुडघ्याएवढ्या चिखलात भिजून काळी पडलेली तूर उलथत होती. ओल्या तुरीचा कुबट वास गाडीत येत होता. मारोतराव त्याच्या खळ्यातून हात करत धावत आला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मला वाटलं मानोऱ्याला ताडपत्री आणायला येतो आहे.

तो चढला नाही. दाराचा दांडा धरून, आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "प्रेमसिंग, काल काय सांगतलं रे रेडिओनं?"

"पाऊस येणार म्हणाला," मी सांगितलं आणि घंटी मारली.